मी पोलिसांचा कागद नव्हे

मी शाळेनं काढलेला एक कागद बोलतोय. खरं तर मूळ कागदाची झेरॉक्स. या घडीला हेडमास्तरबाईंच्या टेबलावर पडलोय आणि माझ्या जिवाची नुसती घालमेल चाललीय.

माझा जन्म दहिवडीतल्या एका झेरॉक्सच्या दुकानात झाला. माण तालुक्यातल्या एका शाळेनं मला काढलं. लग्न होऊन, मूल होऊन जिची शाळा सुटली, तिनं परत यावं. तिला कुणी नाही म्हणणार नाही. बाळाला पाजायला मधे घरी सोडलं जाईल. तीस जूनपर्यंत नाव नोंदवावं. एवढंच माझ्यावर लिहिलंय. पण सुरुवात केली 'उपरोक्त विषयास अनुसरून', आणि खाली मारला गोल शिक्का! तो शिक्काच नडला.

आधी मला शाळेतल्या सूचनांच्या काचेच्या फळ्यात कुलूपबंद केलं. अहो, शाळा सुटलेल्या पोरींचा कागद शाळेच्या आत! वाचणार कोण, कपाळ? आठवडाभर मी काचेआडून शाळेत येणाऱ्या पोरींच्याच वेण्या बघत बसलो. शेवटी अंगणवाडीच्या रंगुबाईंनी मला मागून घेतलं आणि शिवांजलीच्या घरी नेलं.

शिवांजली सतरा वर्षांची. दहावीत असतानाच लग्न झालं, आता चार महिन्यांचं बाळ आहे. नवरा सयाजी कामाला मुंबईत. रंगुबाई आल्या तेव्हा ती टँकरवर पाण्याला गेली होती. दारात सासू, सुलाबाई. रंगुबाईंना अजून बारा घरं करायची होती.

"सुनेला द्या. सरकारी हाय, जपून ठेवा," असं म्हणून त्या निघूनही गेल्या.

सुलाबाईंना वाचता येत नाही, पण शिक्का ओळखता येतो. सून आणली ती कोवळ्या वयात. आता शिक्क्याचा कागद आला म्हणजे कमी वयातल्या लग्नाची पोलीस केसच झाली, असं त्यांच्या मनानं घेतलं. मला घडी घालून त्यांनी ज्वारीच्या कोठीत खुपसलं.

"ज्योतिबा, सांभाळ रं बाबा," म्हणाल्या.

आत मी गुदमरतोय, तारीख जवळ येतेय, आणि बाहेर शिवांजली बाळाच्या औषधाच्या खोक्यातली चिठ्ठी मोठ्यानं वाचतेय! वाचायला तिला दुसरं काही नव्हतंच. ओरडून सांगावंसं वाटायचं, अगं पोरी, मी इथं हातभर अंतरावर आहे! माझा आवाज कुणाला ऐकू जाणार? तीस तारीख आली आणि गेली.

इकडं सुलाबाईंना घास गोड लागेना. गल्लीत मोटारसायकल वाजली तरी दार लावून घ्यायच्या. काल त्यांचा धीर सुटला. घरात वाचणारं माणूस एकच. मला कोठीतून काढून सुनेपुढं धरलं.

"वाच बाई. पोलीस कवा येणार ते तरी कळू दे."

शिवांजलीनं वाचलं. परत वाचलं.

"आत्या, पोलीस न्हाईत येनार. शाळेत बोलावलंय मला." आणि मग रडतच म्हणाली, "तारीख परवाच गेली."

आज सकाळी सुलाबाईच नातवाला पदराखाली घेऊन पुढं निघाल्या, सून मागं. शाळेच्या कारकुनानं मला बघितलं आणि "मुदत संपली" म्हणून परत केलं. तरी सुलाबाई हटल्या नाहीत. थेट हेडमास्तरबाईंच्या, प्रियदर्शनी मॅडमच्या टेबलापर्यंत गेल्या.

"मॅडम, हिची कायबी चूक न्हाई. कागद मी लपिवला. लगीन बी मीच लवकर लावलं. केस करायची तर माझ्यावर करा. पर हिला वर्गात बसवा."

जे उघडं पडेल या भीतीनं बाईनं मला कोठीत कोंडलं, ते ती चारचौघांत बोलून बसली. शिवांजली तोंडाला पदर लावून उभी आहे. बाळ कुरकुरतंय.

मॅडमनी पेन उचललंय, पण नजर माझ्यावरच्या तारखेवर आहे. मॅडम, पुढच्या वेळी मला धाडाल तर वाचून दाखवायला माणूस बरोबर द्या. ते राहू दे पुढचं. ही तारीख माझ्याच अंगावर आहे ना? मारा तिच्यावर काट. पार फाटेपर्यंत मारा, मला काही लागत नाही. फक्त त्याआधी त्याच पेनानं या पोरीचं नाव लिहा.