खळीचा टॉवेल आणि समुद्र

मित्रांनो, मी एक जुना टॉवेल आहे, आणि मी समुद्र पाहिला आहे.

टॉवेलाला पाण्याचं कसलं अप्रूप, असं तुम्ही म्हणाल. मलाही तसंच वाटायचं. पाणी म्हणजे बादलीभर, फार तर टबभर. टिपलं, पिळलं, संपलं! जगातलं सगळं पाणी एक दिवस आपण पिऊन टाकू, अशी माझी घमेंड होती.

गिरणीतून निघालो तेव्हा मी भडक केशरी होतो, पिकल्या संत्र्यासारखा. एका गृहस्थानं मला विकत घेतलं, थोडे दिवस मिरवलं आणि एका सकाळी धुलाईच्या दुकानात टाकलं. "संध्याकाळी नेतो," म्हणाला. ती संध्याकाळ अजून व्हायची आहे.

दुकान लहानसं. पुढे लाकडी काउंटर, मागे वाफेनं घामेजलेल्या भिंती, वर टांगलेले शर्ट. काम करणारी दोघंच: म्हातारे मालक आणि त्यांची सून. मालकांचा हात खळीत बसलेला. त्यांनी खळ घातलेली कॉलर वाऱ्यालाही मान तुकवत नसे. सून इस्त्रीच्या टेबलाशी उभी. सकाळी उभी, दुपारी उभी, दिवे लागले तरी उभी. इस्त्री फिरवता फिरवता ती स्वतःशीच गुणगुणायची:

इस्त्री फिरे पुढंमागं, चुणीला त्या ठाव नाही;
पाय बाई इथे उभे, वाटेला गं गाव नाही.

मी वरच्या फळीवर घडी होऊन पडलो होतो. माझ्यावर धूळ साचली की मालक मला झटकत आणि पुन्हा तिथेच ठेवत. गिऱ्हाइकाची वस्तू म्हणजे ठेव, असा त्यांचा बाणा. कौतुकही नाही आणि टाकूनही दिलेलं नाही, अशी ती वर्षं. तुमच्यापैकी कुणी कधी कपाटावर विसरलेलं खेळणं असाल, तर तुम्हाला कळेल.

एक दिवस सून म्हणाली, "बाबा, तो केशरी टॉवेल मी घेऊ? पोहायला जातेय."

"गिऱ्हाइकाचा आहे तो."

"ते गिऱ्हाईक आता आजोबा झालं असेल हो!"

मालकांनी चष्म्यावरून पाहिलं. "पोहायला? तुला तर टबात उतरायची भीती वाटते."

"म्हणूनच तर." तिनं इस्त्री उभी करून ठेवली. "एक शर्यत आहे. आधी समुद्रात पोहायचं, मग सायकल, मग धावायचं. सगळं एकाच दिवसात, लांबच लांब. बाबा, हे पाय आयुष्यभर नुसते उभे राहिले. कुठवर जातात ते एकदा बघायचंय मला."

मालकांनी हातातली कॉलर बाजूला ठेवली. मग स्टुलावर चढून त्यांनी मला खाली काढलं. "वापर. पण लक्षात ठेव, माणूस आला तर धुऊन परत करायचा."

असा माझा दुसरा जन्म झाला, मित्रांनो.

दुकान उघडण्याआधी आम्ही तलावावर जाऊ लागलो. मी बाकावर, ती पाण्यात. पाण्यात म्हणजे काय, कठड्याला पालीसारखी चिकटलेली! पोहणं शिकवणाऱ्या बाई काठावर उकिडव्या बसून म्हणायच्या, "तोंड मिटून पाण्याशी भांडू नका, ताई. श्वास सोडा."

"सोडला आणि परत नाही मिळाला तर?"

"मिळतो. आजवर सगळ्यांना मिळालाय."

तरी जमेना. मग एका सकाळी तिनं तोंड पाण्यात घातलं आणि सवयीनं इस्त्रीचं गाणं गुणगुणायला लागली. गुणगुणायचं तर श्वास सोडावाच लागतो! बुडबुडे वर आले. इस्त्री फिरे, बुड बुड; पुढंमागं, बुड बुड. हात आपोआप इस्त्रीसारखे पुढे सरकू लागले आणि कठडा मागे राहिला. बाई उठून उभ्याच राहिल्या. मी बाकावर थिजून गेलो. पाणी आपल्याला गिळून टाकेल अशी जिला भीती, ती पाण्यावर गात चालली होती!

नंतरचे दिवस म्हणजे एक नवलच. सुट्टीच्या दिवशी मी तिच्या सायकलच्या दांड्याला बांधलेला असे. चढावर तिची मान घामानं निथळली की ती मला ओढून घेई. साखळी निसटली की तिचे काळे हातही मीच पुसायचो. दुकान बंद झालं की ती धावायची, आणि मी गळ्यात. कितीदा पाय सुजले, कितीदा कुठल्या तरी पायरीवर बसून तिनं मला डोळ्यांवर दाबून धरलं. टॉवेलानं बोलायचं नसतं, टिपायचं असतं. पण रोज मला वाटे, या एवढ्याशा देहात एवढं बळ कुठे घडी करून ठेवलं होतं?

एक अडचण मात्र होती. तिची नजर अधू होती. जाड भिंगाचा चष्मा काढला की सगळं जग तिला नुसते रंगांचे डाग दिसे. शर्यतीत पाण्यातून बाहेर आलं की शेकडो सायकलींतून आपली शोधायची आणि ठरलेल्या वेळेच्या आत निघायचं. उशीर झाला की शर्यत तिथेच संपली. तिनं तोड काढली होती: मला सायकलवर पसरायचं आणि चष्मा माझ्या घडीत ठेवायचा. "केशरी दिसलं की पळत सुटायचं," ती बाबांना सांगत होती. पण बाबा नेमके तेव्हा बंब पेटवत होते. त्यांनी नुसतं "हं" केलं.

आणि इथेच घोटाळा झाला. शर्यतीच्या आदल्या दिवशी त्यांच्या हाती मी लागलो. घामट, मळकट, साखळीच्या वंगणानं काळा. दुसऱ्याची ठेव, आणि चार लोकांत ही अशी न्यायची? लाज जाईल दुकानाची! त्यांनी मला उकळलं, घासलं, डाग उडवायच्या औषधात बुडवलं. डाग गेले, आणि डागांचं बोट धरून माझा रंगही गेला. वर त्यांनी हात सढळ ठेवून खळ घातली, इस्त्री केली, कागदात बांधून सुतळी आवळली. "नवरदेव दिसतोस," मला म्हणाले.

पहाटे किनाऱ्यावर तिनं सुतळी सोडली. मी पापडासारखा कडक आणि दुधासारखा पांढरा! आजूबाजूला पाहिलं तर ओळीच्या ओळी पांढरे टॉवेल. दुसरं काही शोधायला तिला वेळ नव्हता. मला सायकलवर ठेवलं, चष्मा घडीत सरकवला आणि गेली.

तेव्हा मी समोर पाहिलं.

मित्रांनो, मला सांगता येणार नाही. पाणी, त्यामागे पाणी, त्याहीमागे पाणी, आणि मग आभाळच. माझी सगळी घमेंड एका दमात आटली. त्या अफाटात माणसांची डोकी मोहरीएवढी दिसत होती, आणि त्यातलं एक डोकं गाणं म्हणत होतं.

ती बाहेर आली तेव्हा बरेच जण निघून गेले होते. ती सायकलींच्या ओळींसमोर थबकली. डोळे बारीक केले. सगळीकडे पांढरे डाग! इकडे धावली, तिकडे वळली. मी तिच्या हाकेच्या अंतरावर होतो, पण मला हाक मारता येत नव्हती.

कुंपणाबाहेर बाबा उभे होते. सून का भांबावली, हे त्यांच्या लख्खकन ध्यानात आलं. त्यांनी कपाळावर हात मारला आणि दुकानातला ठेवणीतला आवाज काढला:

"अगं, हातानं बघ! खळ घातलीय मी! कडक बघ, कडक!"

ती वळली. ओळीशी आली आणि टॉवेलांवरून हात फिरवू लागली. मऊ. मऊ. ओला. मऊ.

शिट्टीवाला पंच ओरडला, "ओ ताई, दुसऱ्यांच्या सामानाला हात लावायचा नाही!"

"हात नाही लावत दादा, चाचपतेय!"

आणि मग ती बोटं माझ्यावर आली. वर्षानुवर्षं कॉलरी ओळखणारी ती बोटं. एका क्षणात थांबली. तिनं मला तोंडाशी धरलं, आणि तिच्या केसांतलं पाणी माझ्यात उतरलं. मी दचकलो. समुद्राची चव तिच्या घामासारखीच होती! एवढा समुद्र भरायला कुणीकुणी किती घाम गाळला असेल?

चष्मा डोळ्यांवर चढला. "आलेच बाबा!" म्हणत ती सायकलवर बसली. पंचानं घड्याळ पाहिलं आणि मान हलवली: जा.

मग मी वाट पाहिली. वाट पाहण्यात माझा हात कोण धरणार! ऊन कललं, सायकल परत आली, आणि ती जागेवर लावून आमची सूनबाई पळत पुढे गेली. दिवे लागले तेव्हा शर्यत पुरी करून ती लंगडत आली. उभी राहिली आणि आपल्या पायांकडे असं पाहिलं, जणू ते कुणा थोर पाहुण्याचे आहेत.

बाबा खाली मान घालून म्हणाले, "पार रंग घालवला मी त्याचा."

"टॉवेलाला खळ घालणारा माणूस जगात एकच आहे, बाबा. म्हणून तर सापडला."

"ते खरं. पण तो गृहस्थ आला आणि रंग कुठे गेला म्हणाला, तर काय सांगू?"

ती मला खांद्यावर घेत हसली. "सांगा, समुद्रावर गेला होता."

बाळांनो, तुमच्या घरीही असे हात असतील, जे माया करताना थोडं बिघडवून ठेवतात. रागवायच्या आधी ती वस्तू एकदा हातात घेऊन बघा. आणि धुवायला टाकलेलं काही न्यायचं राहिलं असेल, तर घेऊन जा.

मला मात्र कुणी न्यायला येऊ नये.