वरच्या आळीचा कोरडा नळ

वकील हरल्याची बातमी आळीत आली, त्या दुपारी माझ्यापुढे घागरींची रांग लागली होती. गंगाधरपंत वकील नगराध्यक्ष झाले की त्याच संध्याकाळी पाणी येईल, असे बायकांना वाटले होते. रंगुबाई बाजारातून परतली. तिने रांगेतली आपली घागर उचलली आणि ती म्हणाली, "चला गं नदीला. वकील पडलं."

मित्रांनो, त्या आळीतला पितळी नळ तो मीच. आमचे लहानसे शहर साताऱ्याच्या बाजूला, कृष्णेच्या काठी आहे. वरची आळी मात्र चढावर आहे. माझा जन्म सांगलीचा. तिथल्या एका भट्टीत मला ओतले, कानशीने घासले आणि दुकानात ठेवले. वकिलांच्या पत्नी चारुशीलाबाई तेव्हा त्यांच्यासोबत तिथे माहेरी आल्या होत्या. त्यांनी मला हातात घेऊन निरखले.

"हाच घ्या. चांगला जड आहे."

वकील हसले. "अगं, आळीत अजून पाइप नाही. नळ घेऊन काय करू?"

"आधी नळ तर बसवा. येता-जाता दिसला की पालिकेलाच लाज वाटेल."

वकिलांनी परवानगी काढून मला चौकात एका दगडी खांबावर बसवले. लोकांना गंमत वाटली. शेजारचा अर्जुना म्हणाला, "वकीलसाहेब, शेरडी बांधायला लय ब्येस खांब झाला बघा." आणि त्याने खरोखरच शेरडी बांधली. चारुशीलाबाईंना त्याचे काही वाटले नाही. त्या मला चिंच लावून घासत. पाण्याचा थेंब न देता मी सोन्यासारखा चमकत होतो.

महायुद्ध संपल्यावरच्या उन्हाळ्यात आळीतल्या विहिरी आटल्या. सगळे नदीच्या डोहातले पाणी प्यायले आणि पटकी आली. चारुशीलाबाई त्या साथीत गेल्या.

वकील बरेच दिवस कोर्टात गेले नाहीत. माझ्या खांबाला टेकून बसत. एकदा ते रंगुबाईला म्हणाले, "मी अध्यक्षपदाला उभा राहतो. पाइप आणल्याशिवाय मला चैन पडणार नाही." ते नगरपालिकेचे सभासद होतेच, आणि अध्यक्ष सभासदांनीच चिठ्ठी टाकून निवडायचा होता. समोर दुसरे एक सभासद, तात्या, उभे होते. तात्यांना आधी बाजारपेठेचा रस्ता करायचा होता. माणूस वाईट नव्हता.

हरले त्या संध्याकाळी वकील चढ चढून आले. रंगुबाई नदीवरून भरली घागर घेऊन तिथेच दम खात बसली होती.

"एका मताने गेलं," वकील म्हणाले.

"कोन फिरलं?"

"कुणी फिरलं नाही. मी माझं मत तात्यांना दिलं."

"काय म्हनलासा?"

वकिलांनी तिला समजावून सांगितले. त्यांच्या वकीलमंडळात अशीच रीत होती. उभ्या राहिलेल्याने आपले मत समोरच्याला द्यायचे, आणि समोरचा आपले याला देई. तात्या त्या मंडळात कधी बसले नव्हते. त्यांनी चिठ्ठीवर सरळ स्वतःचे नाव लिहिले.

"मत म्हंजी काय लग्नातला आहेर हाय व्हय, त्येनं दिला म्हनून आपन द्यायचा?"

"आपलंच मत आपल्याला कसं द्यायचं, रंगुबाई? बरं दिसत नाही ते."

"आवं, पर ते तुमचं कवा हुतं? आमचं हुतं. वयनींचं हुतं."

रंगुबाई उठली तेव्हा वकिलांनी घागरीला हात लावून ती तिच्या डोक्यावर चढवून दिली.

पुढे तात्यांनी रस्ता केला. वकिलांनी पाइपाचा विषय काढला की ते म्हणत, "पुढच्या साली बघू, पंत." पुन्हा उभे राहा म्हणून लोक वकिलांना सांगायला आले, पण आता आपल्याच्याने होत नाही, असे म्हणून त्यांनी सगळ्यांना परत पाठवले. मला घासणारे कोणी उरले नाही. मी हिरवा पडलो. माझी चावी आता फिरतही नाही. काम न करताही थकायला होते, हे मला इथे उभे राहून कळले.

मित्रांनो, तुमच्याकडे पाणी येत असेल तर नळ उघडा टाकून खेळायला पळू नका. बंद करा, अधूनमधून पुसा. आणि मोठेपणी मताची चिठ्ठी हातात आली, तर ती कुणाच्या कामाची आहे, हे नाव लिहिण्याआधी आठवा.

तात्यांच्या वेळी पाइप वेशीपर्यंत आला. वेशीपासून वरच्या आळीपर्यंत तो अजून टाकायचा राहिला आहे.