कोठारातली हवा

सफरचंदं महिनोन्महिने ताजी राहावीत म्हणून कोठारातला ऑक्सिजन काढून घेतात. फळं टिकतात, माणूस मात्र दोन श्वासांत आडवा होतो. ना वास, ना घुसमट. आमचे हे तिथले मुकादम. नव्या माणसाला पहिल्याच दिवशी दम भरायचे, "आत कुणी पडलं तर मागे धावायचं नाही. सख्खा भाऊ असला तरी. आधी मास्क, मग माणूस."

आणि स्वतः काय केलं? तपासायच्या फळांची नमुन्याची पेटी दारातल्या झरोक्यातून हाताला येईना, म्हणून मास्क न लावता डोकं आत घातलं. एवढ्याने काय होतंय! शुद्ध गेली आणि आतच कोसळले.

दाराशी माझे धाकटे दीर होते, तेही तिथेच कामाला. मास्क शेजारच्या इमारतीत. कुणीतरी तो घेऊन येईपर्यंत भावोजी चौकट धरून उभे राहिले. बाहेर काढल्यावर छाती त्यांनीच दाबली, बरगडी मोडली तरी थांबले नाहीत. हृदय सुरू झालं. मला वाटलं, सुटलो.

डॉक्टरीणबाईंनी समोर बसवून सांगितलं, "हृदय उशिरानेही परत येतं. मेंदू तेवढी वाट बघत नाही. चार-पाच मिनिटं हवा मिळाली नाही की तो मरायला लागतो. डोळे उघडतील, पण ओळखतील असं मी म्हणणार नाही."

तसंच झालं. आता घरी आहेत. डोळे उघडे, नजर कुठेच नाही. नाकातल्या नळीने अन्न.

भावोजी रोज येऊन कोपऱ्यात बसतात. मी त्यांच्याशी बोलत नव्हते. त्यांनी नियम पाळला हे कळत होतं, पण जीव जळत होता. काल राहवलं नाही.

"भावोजी, आत तुम्ही पडला असता, तर हे थांबले असते का?"

"नाही, वहिनी. दादा धावला असता."

हेच ऐकायचं होतं. पण धावले असते, म्हणजे दोघेही गेले असते.

"मग बरं झालं तुम्ही थांबलात," मी म्हणाले आणि भरवायची पिचकारी त्यांच्या हातात दिली. "हळूहळू सोडा."

त्यांनी हळूहळू सोडलं, एक थेंब सांडला नाही. मी टक लावून बघत होते. त्यांचं काहीतरी चुकावं, असं मला अजून वाटत होतं.