धुऊन काढलेला आशीर्वाद

“बादली इकडे दे, आणि मध्ये बोलू नकोस,” ताई म्हणाली.

मी बादली दिली आणि गप्प बसलो. व्हॅन मीच चालवत आणली होती आणि तिच्याच सांगण्यावरून फाटकात बरोबर आडवी लावली होती. आता ना आतली गाडी बाहेर येणार, ना बाहेरची आत जाणार. आत शुक्रवारची गर्दी होती. आमच्या एल आल्तो शहरात नवी-जुनी कसलीही गाडी घेतली की तिची चाल्या, म्हणजे फुलं-बियर वाहून पूजा करायची, आणि चाल्येला मंगळवार-शुक्रवार चांगले. म्हणून सेन्योर वाल्तेरच्या गाड्या विकण्याच्या अड्ड्यावर शुक्रवारी फुलं, पताका, फटाके आणि बियरचे क्रेट यांची नुसती रेलचेल असते. अड्ड्याचं नाव ‘देवाची कृपा’. मोठ्या निळ्या अक्षरांत लिहिलंय, वाचताना दातओठ खावेसे वाटतात.

ताईने हॅट काढून माझ्याकडे दिली, घेरदार घागरा, आमचा पोयेरा, वर खोचला आणि फडकं पाण्यात बुडवलं. जून म्हणजे आमच्याकडे ऐन हिवाळा, पाण्यात हात घातला की हाडापर्यंत कळ जाते. तिने व्हॅनच्या टपावरची पहिली सुकलेली पाकळी पुसली, तेव्हा आवारात बसलेला म्हातारा यातिरी, म्हणजे आमच्याकडचा मंत्र म्हणणारा, कोकाची पानं चघळायचाच थांबला. कारण चाल्येची फुलं कुणी धूत नाही. बियर शिंपडलेली, कागदाचे रंगीत तुकडे चिकटलेले, तसंच सगळं राहू द्यायचं असतं. वाऱ्यावर जेव्हा झडायचं तेव्हा झडेल. धुणं म्हणजे दिलेला आशीर्वाद ओरबाडून काढणं.

माझी ताई, सातुर्निना कायिसाया, आपल्या हाताने तो ओरबाडत होती.

तिला ओळखत नाही असा माणूस सेहाच्या चौकात सापडायचा नाही. पहाटे अंधारात चुलीवर जांभळ्या मक्याचा आपी उकळत ठेवते, गरम गरम बुन्युएलो तळते. रात्रपाळीचे पहारेकरी, मिनीबसवाले, कॉलेजची मुलं, सगळे तिच्याकडे हात शेकायला येतात. पण ते भलंमोठं पातेलं घेऊन मिनीबसमध्ये चढणं म्हणजे रोजची लढाई. “दोन्या, दोन माणसांची जागा अडवताय, दोघांचे पैसे द्या!” असं ड्रायव्हर वर ओरडणार. दोन्या म्हणजे बाईसाहेब. त्यात गेल्या वर्षापासून तिचा उजवा गुडघा वाकेनासा झाला. एक छोटी व्हॅन असली की धंदा चालू राहील, नाहीतर घरी बसावं लागेल, इतका साधा हिशेब होता. नवरा नाही, मूल नाही. धंदा गेला की ताई गेली, हे मला ठाऊक होतं आणि तिलाही.

आता लोक काय म्हणतात, तर बाई अडाणी, फसली. हे ऐकलं की माझ्या अंगाचा तिळपापड होतो. अहो, तिच्याइतकी सावध बाई मी पाहिली नाही! ज्याने ज्याने गाडी घेतली त्या प्रत्येक गिऱ्हाइकाला आपीचा पेला देताना तिने खोदून खोदून विचारलं होतं. आधी पोलिसांकडून गाडीच्या सांगाड्यावरचा, चासीचा नंबर तपासून घ्यायचा. मग आयातीचा मूळ कागद डोळ्यांनी पाहायचा, झेरॉक्स नाही. मग नोटरीसमोर सही, आणि त्यानंतर पैसे. त्याआधी बयाण्यापलीकडे एक पैसाही नाही. मला तिने हे इतक्यांदा ऐकवलं की माझ्या दुकानात सीटकव्हरं शिवताना मी तेच पुटपुटायचो.

वाल्तेरला तिने पहिल्याच भेटीत हे सगळं तोंडावर सांगितलं. त्याला राग आला का? छे! तो तर खूश झाला.

“वा, आई, वा! अशी गिऱ्हाइकं असली की मला झोप लागते. सोमवारी आपण दोघं जाऊन नंबर तपासू. आज फक्त बयाणा द्या.”

ताईने बयाणा दिला. पैसे खिशात घातल्याबरोबर त्याने टाळी वाजवली आणि आतून त्याची माणसं फुलांच्या माळा, पताका आणि बियरचा क्रेट घेऊन धावत आली. आज शुक्रवार, चांगला दिवस, चाल्या आजच उरकू, खर्च त्याचा! मी धाकटा भाऊ म्हणून गाडीचा पाद्रिनो झालो. गाडीचा धर्मबाप म्हणा. माझ्याही गळ्यात माळ घातली, आणि खरं सांगतो, मला बरं वाटलं. यातिरीने पाचामामाला, आमच्या धरणीआईला हाक मारली. ताईने चारही चाकांवर बियर ओतली, मातीवर ओतली. तिच्या डोळ्यांत पाणी आलं होतं. फटाके वाजले.

आणि धूर अजून खाली बसला नव्हता तोच वाल्तेर हात जोडून तिच्यापुढे उभा राहिला.

“आई, धरणीला पाजलं आपण. आता सोमवारी पोलिसांकडून तपासायचं म्हणजे तिला विचारायचं, तू खोट्यावर प्यायलीस का ग? मला नाही हो हे पाप सोसायचं. आणि चाल्या झालेली गाडी बिनपैशाची उभी ठेवायची? तुमच्या धंद्याला बरं नाही ते.”

आजूबाजूची माणसं माना डोलवू लागली. ताईने माझ्याकडे पाहिलं. मी गळ्यातली माळ चाचपत होतो. तिने शालीआडची पुरचुंडी सोडली आणि पतपेढीचं कर्ज धरून सगळे डॉलर त्याच्या हातावर ठेवले. मूळ कागद दहा दिवसांत मिळणार होता.

तो अजून मिळतोय. नगरपालिकेत नोंदणीला गेलो, तर कारकुनाने संगणकात नंबर घातला आणि तोंड वाकडं केलं. तो नंबर सांताक्रूझला जळून खाक झालेल्या भलत्याच व्हॅनचा निघाला. कुणीतरी तिचा नंबराचा पत्रा कापून हिला चिकटवला होता. रस्त्यावर सापडली की जप्त होणार. वाल्तेरकडे गेलो, तर त्याने काखा वर केल्या.

“चाल्या झालेली गाडी परत? धरणीने घेतलेलं मी माणूस कसा परत घेऊ, आई?”

पुढच्या शुक्रवारी सकाळी आपीचं पातेलं अर्धं विकून तिने मला बोलावलं आणि म्हणाली, “बादली, फडकं आणि उरलेला आपी घे. व्हॅन काढ.”

तर इकडे टप धुऊन होईतो वाल्तेर फाटकाशी आलाच. आवारात मागे एक तरुण जोडपं लाल गाडीपाशी उभं होतं. गाडीला माळा घातलेल्या होत्या, मुलीच्या हातात बियरची न उघडलेली बाटली होती. दोघं इकडे बघत होते.

“दोन्या, हे काय चाललंय? गाडी हलवा!”

“धुतेय,” ताई म्हणाली. “माझी आहे ना? मग धुतेय.”

“फाटक अडलंय माझं! पोलिसांना बोलावीन.”

ताईने फडकं पिळलं. “बोलाव की. मीही तेच म्हणतेय, बोलाव. नंबर तपासायचा राहिलाच होता आपला. त्यांनाच दाखवू दोघं मिळून.”

वाल्तेरने फोन खिशातून काढला आणि तसाच परत खिशात ठेवला. कुणीतरी हसलं. मी तोवर व्हॅनमध्ये शिरून सीटकव्हरं काढायला लागलो होतो. तांबड्या-हिरव्या पट्ट्यांची, मी स्वतः शिवलेली, बहिणीला भेट दिलेली.

“ती राहू द्या, गाडीबरोबरची आहेत!” वाल्तेरचा माणूस म्हणाला.

“तुझ्या बापाने शिवली होती का रे?” मी म्हणालो. गप्प बसायचं कबूल केलं होतं, पण एवढं निघालंच तोंडातून.

मग वाल्तेरचा आवाज एकदम मऊ झाला. तो ताईच्या जवळ गेला आणि तिला म्हणाला, “आई, तमाशा कशाला? निम्मे पैसे आत्ता देतो. हे फडकं ठेवा, ही माळ परत बॉनेटवर घाला, आणि या लोकांना सांगा की गाडी चांगली आहे, तुमचाच विचार बदलला.”

निम्मे पैसे! पतपेढीचं कर्ज फिटलं असतं. “ताई, घे,” मी म्हणालो. “घे ग. उद्या तेही मिळायचे नाहीत.”

ताईने माझ्याकडे पाहिलं नाही. तिची नजर त्या लाल गाडीजवळच्या मुलीवर होती.

“मी घेतले की ती बाटली उघडेल,” ती म्हणाली.

आणि तिने बॉनेट धुवायला घेतलं. वाल्तेर शिव्या देत राहिला, त्या सगळ्या इथे लिहिण्यासारख्या नाहीत. गुडघा वाकत नव्हता, म्हणून चाकं धुवायला ती ओल्या मातीत सरळ बसली. एकेक चाक धुतलं. रंगीत कागद, पाकळ्या, बियरचा चिकटा, सगळं पाण्याबरोबर वाहत फाटकात साचत गेलं. मग तिने पातेल्यातला कोमट आपी पेल्यात घेतला आणि जमिनीवर ओतला.

“पाचामामा, माफ कर. तुला इथे खोट्यावर पाजलं. ते मी काढून घेतलं. हे घे, माझ्या हातचं आहे.”

म्हातारा यातिरी उठला, पानांची पिशवी खांद्याला लावली आणि व्हॅनच्या बाजूने अंग चोरून बाहेर निघून गेला. मागून त्या मुलीचा आवाज आला. ती नवऱ्याला विचारत होती, “आपण नंबर पाहिला का रे?” नवरा वाल्तेरकडे बघत होता. तिने बाटली लाल गाडीच्या टपावर ठेवली आणि हात पोटाशी धरून उभी राहिली.

ताईने व्हॅन तिथेच सोडली, किल्ली बॉनेटवर ठेवली. मी पातेल्याचा एक कान धरला, दुसरा तिने धरला. चालताना ती दर दोन पावलांनी थांबत होती. मिनीबसवाला ओरडला, “दोन्या, दोन जागा!” तिने दोघांचे पैसे दिले.

पैसे आजवर मिळालेले नाहीत. पतपेढीचा हप्ता आम्ही दोघं मिळून भरतो. त्या रात्री मात्र कडाक्याची थंडी पडली, आणि सकाळी मी दुकान उघडायला त्या रस्त्याने गेलो, तर ‘देवाची कृपा’च्या फाटकात या कडेपासून त्या कडेपर्यंत बर्फ धरला होता. आत पाकळ्या आणि रंगीत कागद तसेच गोठलेले, स्वच्छ दिसत होते. वाल्तेरची माणसं पहारीने तो फोडत होती, पण निघत नव्हता. शनिवारची गिऱ्हाइकं यायला लागली होती. प्रत्येकजण फाटकात थांबून खाली बघत होता आणि विचारत होता, इथे काय झालं?