सरळ पाठीचे बाक

चर्चमध्ये नवे बाक येणार, ही बातमी मिस्त्रींना कळली ती लाकडाच्या वखारीत, तीही एका परक्या सुताराच्या तोंडून. आता बोला! जुने सगळे बाक ज्याने घडवले, दर रविवारी दारात उभं राहून ज्याने लोकांना जागा दाखवली, त्यालाच पत्ता नाही. आणि काम दुसऱ्याला देणारे पाळक कोण? तर मिस्त्रींचे लहानपणापासूनचे जिगरी दोस्त.

मिस्त्री तरातरा पाळकांच्या घरी गेले.

"केसानं गळा कापलास," ते म्हणाले. "माझ्या कामात काय खोट होती?"

पाळकांनी मान खाली घातली. "बाकांची पाठ फार सरळ आहे रे. तासभर बसलं की कंबर धरते. पहिल्याच वर्षी सांगितलं होतं तुला. तू रागाने कित्येक रविवार फिरकला नाहीस. मग मी तोंड शिवून घेतलं."

"म्हणून पाठीमागून?"

"चुकलं माझं. भ्यालो तुला."

असल्या कबुलीने राग थोडाच जातो? मिस्त्रींच्या अंगाचा तिळपापड झाला. देवापुढे ताठ बसायचं सोडून काय लोळायचं?

त्या रविवारी ते दारात उभे राहिले नाहीत. हट्टाने बायकोशेजारी बाकावर बसले. स्वतःच्या बाकावर अख्खी उपासना बसायची ही त्यांची पहिलीच वेळ. दार सांभाळणाऱ्याला बसायला मिळतं कुठे? गाणी झकास झाली. प्रवचन सुरू झालं आणि कंबरेत कळ आली. मिस्त्री दातओठ खात बसून राहिले. बायकोने पिशवीतून एक उशी काढली आणि गुपचूप त्यांच्या पाठीशी सरकवली. उशी वापरून वापरून पार चपटी झाली होती.

मिस्त्रींच्या काळजात चर्र झालं. मित्राने दगा दिला, तो एकवेळ सोसला असता. पण ही?

"तुलाही माहीत होतं?" त्यांचा आवाज चढला. "एकदा तरी बोलायचंस!"

"कुणाला बोलू?" ती पुटपुटली. "प्रभू, मला सुधार, असं रोज म्हणता. त्याने माणूस पाठवला की त्याच्याच अंगावर धावून जाता."

उपासना संपली, लोक पांगले. पाळक खिडक्या लावायला आले तेव्हा मिस्त्री बाकावरच बसून होते. डोळे लाल झालेले.

"तुझ्यावरचा राग गेलेला नाही," ते म्हणाले. "पण त्या सुताराला विचार, पाठ किती कलती ठेवतो ते मला दाखवेल का. शिकेन मी. आणि यापुढे माझं काही चुकलं तर तोंडावर सांग. मी खवळलो तरी सांग."

पाळक जरा घुटमळले. "मग आत्ताच सांगतो. भर उपासनेत वहिनींवर ओरडलास. मागच्या बाकापर्यंत ऐकू गेलं."

मिस्त्रींच्या कपाळावर आठी चढली. उत्तर ओठांवर आलंच होतं. ते त्यांनी कसंबसं गिळलं, बाकाला धरून उठले आणि बायको बाहेर उभी होती तिकडे गेले.