माघारीची हाळी

पौषातली ती संध्याकाळ केशरवर्ण होती, कृपाणधार होती. येरळेच्या डोहावर कलत्या सूर्याचं तेज असं सांडलं होतं की नदी वाहते आहे की पेटते आहे, हे मासोळ्यांनाही उमगेना.

एक नदी, दोन काठ. अलीकडे देशमुखांची थोरली पाती, पलीकडे धाकटी. वतन एक, देव्हारा एक, आजा एक. आणि त्याच आज्याची नातवंडं एकमेकांच्या गळ्याचं माप घेत बसलेली. दोन्ही छावण्यांचा धूर आभाळात एक होई. खाली माणसांना तेवढं जमत नव्हतं.

अलीकडच्या छावणीत खेलोजी होता. हाती भाला, अंगावर ठिगळांची बंडी आणि डोळ्यांत गाव: हिरवागार, ओलाशार, पाटाच्या पाण्यानं गुणगुणणारा. घोडा फुरफुरला तरी त्याला मोटेचं चाक कुरकुरल्याचा भास होई. त्याची सय इतकी अनावर की छावणीतली कुत्रीसुद्धा त्याच्या गावाकडे तोंड करून निजत. खोटं वाटत असेल तर कुत्र्यांना विचारा.

पण तो गाव आता नव्हता, त्यातलं त्याचं घरही नव्हतं. चुलतभाऊ बाळोजी धाकट्या पातीला मिळाला, भर दुपारी स्वार घेऊन आला आणि त्यानं घरासकट गावाला पलिता लावला. कारभारीण तेवढी माहेरच्या आसऱ्यानं वाचली. जाताना त्यानं मोटेची बैलजोडी सोडून नेली, चांदा आणि हरण्या. चंद्रशुभ्र, मेघगंभीर, खेलोजीच्या हातचा गूळ खाऊन वाढलेली.

त्या दिवसापासून खेलोजीच्या काळजात एक निखारा होता. राख धरत नव्हता, विझत नव्हता.

आणि त्या संध्याकाळी पैलतीरावर तोफ आली. काळीकभिन्न, कराल, गाड्यावर चढवलेली. तोंड नदीकडे, जू पल्याड. आणि जुवाखाली चांदा, हरण्या, नदीला पाठ करून. तोफेवर बाळोजी स्वार, पडू नये म्हणून कमरेचा शेला तिच्या कड्याला गच्च बांधून.

"काय रं दादा!" तो ओरडला. "घरची सय येती का? तुझ्या घराच्या वाशांवर भाकऱ्या भाजल्या आम्ही. लई खरपूस झाल्या बघ!"

पैलतीर खदखदून हसला.

"आणि बैल?" खेलोजीनं विचारलं.

"आता माझं हायेत! तोफेला बुजत न्हाईत, तुझ्या हाकेला काय भुलत्यात!"

बाळोजीनं शिंगांना सोनेरी वर्ख लावला होता, गळ्यात रेशमी गोंडे बांधले होते. पण मोटेवर उभं राहायचा त्याला जन्माचा आळस. मोटेचा बैल दोनच हाळ्या जाणतो, हे तो विसरला. पुढची हाळी ऐकली की बैल पुढे ओढतो, भरली मोट विहिरीतून वर येते. माघारीची ऐकली की पाठमोरा मागे सरतो, रिती मोट पाण्यात बुडते.

खेलोजीनं भाला मातीत रोवला. कानाला हात लावला. आणि गळ्यातला सगळा गाव एका सुरात ओतला.

"येऽऽ रं माघारीऽऽ! येऽऽ माझ्या राजाऽऽ!"

चांदाचे कान उभे राहिले. हरण्याचे डोळे पाणावले. आणि जोडी मागे सरू लागली. पाऊल पाऊल, ताल ताल, जणू मागे तोफ नव्हतीच, विहीर होती.

"हो! हो! थांब!" बाळोजीचा आसूड कडाडला. शेल्याची गाठ सुटेना. गाडा घसरला, दरड ढासळली, आणि तोफ डोहात गेली, बाळोजीसकट, हसण्यासकट.

ढासळत्या दरडीखाली उतरायला पैलतीरावर कुणी धजेना. बैल पाण्याच्या कडेला खूर रोवून उभे. जू मानेत रुतलेलं. वर्खाची शिंगं थरथरत होती. दोघं ऐलतीराकडे मान वळवून दुसऱ्या हाळीची वाट पाहत होते.

ती हाळी खेलोजीच्या जिभेवर होती. त्यानं ती दातांत धरली. डोहावर बुडबुडे आले, मोत्यांसारखे. तो पाहत राहिला. बुडबुडे विरळ झाले. तो पाहत राहिला. डोह आरशासारखा निवळला, त्यात सूर्य मावळला, आणि मगच तो गायला.

"जाऽऽ रं पुढंऽऽ! जाऽऽ माझ्या राजाऽऽ!"

जोडीनं जन्माचा जोर लावला. तोफ वर आली, ओलीचिंब, मोटेसारखी. तिच्यावर बाळोजी, शेल्यानं बांधलेला, मुजऱ्याला वाकल्यासारखा; जळलेल्या गावाच्या दिशेला.

तोफेच्या तोंडातून पाणी भळभळलं. काठावरून वाहत गेलं, पाट शोधत, वाफा शोधत, गाव शोधत. आणि ना पाट, ना वाफा, ना गाव, म्हणून हळूच, मुकाट, नदीतच माघारी गेलं.