बीकरमधला थर

दाक्षायणीबाईंचं आयुष्य काचेच्या पट्ट्यांवर गेलं. बीकरमध्ये रसायन ओतायचं, त्यात काचेची पट्टी उभी करायची आणि तिच्यावर अर्धवाहकाचा पातळ थर धरेपर्यंत थांबायचं. ज्या पदार्थांवर मोबाइल नि सोलर पॅनल चालतात, ते एरवी मोठमोठ्या यंत्रांत बनतात. सोलापुरात बाई त्यांचे थर गरम पाण्यात धरवत होत्या. त्याचा त्यांना भारी तोरा होता. असायलाच हवा.

आता कुणीतरी त्या तोऱ्यालाच हात घातला होता. त्यांच्या सगळ्यांत चांगल्या थराची कृती बंगळूरच्या एका प्रयोगशाळेनं करून पाहिली, तर थर भुकटी होऊन गळून पडला. तिथला संशोधक शिवानंद आज समोर बसून खात्री करायला आला होता. थर धरला नाही, तर त्या कृतीवरचा शोधनिबंध मागे घ्यावा लागणार. म्हणजे जन्माची कमाई पाण्यात.

हे कळताच मंगळवेढ्याहून त्यांची आई, नागूबाई, पहिल्या एसटीनं येऊन प्रयोगशाळेत ठाण मांडून बसली होती. "माज्या लेकीला खोटं म्हन्नारं हाय तरी कोन, बगू की!"

बाईंनी बीकर गरम पाण्यात ठेवला, पट्टी उभी केली, वर झाकण घातलं आणि मागे सरल्या. शिवानंद काचेची कांडी घेऊन पुढे झाला, तशा बाई कडाडल्या, "हात लावू नका!"

"ढवळायचं नाही?" तो मूळचा अक्कलकोटचा, त्यामुळे मराठी चांगलं होतं. "आम्ही तर सारखं ढवळत होतो."

"विरजण लावल्यावर भांडं कुणी हलवतं का?"

"निबंधात तसं लिहिलेलं नाही, मॅडम."

बाईंचा चेहरा उतरला. खरंच लिहिलं नव्हतं. विरजण लावलं की भांड्याकडे फिरकायचंसुद्धा नाही, हे आईनं लहानपणी पाठीत धपाटे घालून शिकवलेलं. ते जगात कुणाला सांगावं लागेल, हे कधी डोक्यातच आलं नाही. चूक बंगळूरची नव्हती, त्यांचीच होती. पण ती लिहिण्यातली. थर खरा की खोटा, ते अजून झाकणाखाली होतं.

पट्टी बाहेर आली. पिवळी, लख्ख. शिवानंदनं तिच्यावर चिकटपट्टी दाबून बसवली आणि खसकन ओढली. चिकटपट्टी कोरी निघाली. त्यानं पुन्हा ओढून पाहिली, मग पट्टीवर उजेड पाडून थरातून वीज वाहते का ते मीटरवर पाहिलं आणि उठून हात जोडले.

"निबंधाला दुरुस्ती जोडते," बाई म्हणाल्या. "चूक माझी, हेही लिहिते." हे सांगतानाही मान ताठ होती.

नागूबाईनं पट्टी हातात घेतली. "ह्येच व्हय? ह्यापायी एवडी वर्सं?"

"व्हय, आई."

म्हातारीनं काच खिडकीशी नेऊन तिरकी केली. दही लागलंय का बघताना ती भांडं असंच तिरकं करायची. थर जागचा हलला नाही.

कपाटात पुरस्कारांची रांग होती, पण बाईंचे डोळे भरून आले ते आता.

"लई झ्याक लागलंय की," आई म्हणाली.